शेपटीतला आरसा

आरसा पेटीत नव्हता. मयुरीनं पुन्हा चाचपून पाहिलं. पेटीत प्रत्येक अवजाराच्या आकाराचा खळगा होता, आणि तेवढा एकच खळगा रिकामा होता. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला, लांब दांडीचा बारका आरसा. बोल्टच्या मागे नजर पोचत नाही, तिथं तो सरकवून बघायचं.

"सर, आरसा मिळून नाही राहिला."

हँगरमधली बडबड थांबली. वर्ध्याबाहेरच्या त्या उड्डाणशाळेत एक अवजार जरी कमी भरलं, तरी हेलिकॉप्टर हलत नसे. हरवलेली वस्तू यंत्राच्या पोटात राहिली असेल, वर गेल्यावर सरकून शेपटीच्या फिरत्या दांड्यात अडकेल. पुढचं कुणी बोलून दाखवत नसे.

"खोला," मुख्य इंजिनिअर प्रभाकरराव म्हणाले. "सगळी शेपटी खोला."

सगळं आजच यायचं होतं. शेपटीच्या पंख्याचं काम मयुरीनं केलं होतं, आणि शाळेची रीत अशी, की ज्यानं यंत्र उघडलं त्यानंच दुरुस्तीनंतरच्या पहिल्या फेरीला आत बसायचं. त्यानंतर निकेश नावाचा शिकाऊ पोरगा पहिल्यांदाच एकटा उडणार होता. त्याची आई कारंज्याहून लाडू घेऊन आली होती. "पोरी, तूच पाह्यतं ना हे मशीन? मंग मले फिकीर नाई," असं म्हणून तिनं मयुरीच्या हातात दोन लाडू कोंबले होते. आता तीच बाई कडुनिंबाखाली बसून उघड्या शेपटीकडे टक लावून होती.

मयुरी पोटावर झोपून बॅटरीच्या उजेडात आत बघत राहिली. लेक मित्रा झाल्यापासून तिचा जीव कशातच स्वस्थ नसायचा. गॅस बंद केला ना? पाळण्याची गाठ पक्की ना? चंदन मेकॅनिक चिडवायचा, "लेकरू झाल्यापासून मॅडम नटबी थोपटून थोपटून आवळतात." आज तोही चिडवत नव्हता. शेजारी झोपून आत हात घालत होता.

आरसा निघाला नाही. निकेशची आई उठली, लाडवांचा डबा बंद केला, आणि मयुरीच्या पाठीवरून हात फिरवून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं मयुरीला झालं.

घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. सासू सीताबाई नातीला मांडीवर घेऊन भात भरवत होत्या. बाळंतपणाची रजा संपल्यावर मयुरी घुटमळत होती, तेव्हा याच बाईनं तिला घराबाहेर काढलं होतं. "एवढं शिकून घरात बसतं का? लेकरू मी पाह्यतो." रोज दुपारी त्या नातीला ऑटोनं शाळेच्या फाटकापर्यंत आणायच्या, मयुरी तिला पाजायची. हेलिकॉप्टरचं त्यांना कधी कौतुक नाही की धाक नाही. "मोठा मिक्सरच तं आहे तो," म्हणायच्या. आज आपल्यालाच बसायचंय, हे मयुरीनं सकाळी भीतभीत सांगितलं, तेव्हाही त्यांनी पोळी उलटताना मान वर केली नव्हती. "बस मंग."

"आई, मला जेवण नको," मयुरी म्हणाली. "आरसा हरवला माझ्या हातून. आतच असेल कुठंतरी. कुणाचं तरी पोरगं बसेल हो त्यात..."

सीताबाई उठल्या. मित्राला तिच्याकडे दिलं. तुरीच्या डाळीचा डबा खाली काढला, त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि लांब दांडीचा आरसा तिच्यापुढं धरला.

दुपारी मित्राला घेताना कामाचा कोट मयुरीनं सीताबाईंच्या हातात दिला होता. आरसा खिशातच राहिला होता तर!

तिनं आधी फोन लावला. "सर, आरसा सापडला. घरी आहे. मीच खिशात घेऊन फाटकाबाहेर गेले. चूक माझी."

पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. "सापडला ना? बस झालं. उद्यापासून फाटकावर सगळ्यायचे खिसे पाहू, पह्यले माझे. निकेशच्या घरी मी सांगतो. तू जेव, बेटा."

फोन ठेवून ती सासूकडे वळली. "आई, तुम्ही लपवला? काऊन?"

"तूच सांगतलं होतं ना, एक वस्तू कमी असली तं उडत नाई म्हणून."

"अहो, आख्खी शेपटी खोलली आम्ही! उद्या ती परत जोडायची, आणि परत मीच बसायचं." मयुरीचा आवाज फाटला. "मला काय कमी भीती वाटते? हिला सोडून वर जायचं म्हणजे आईच्या जिवाचं काय होतं, तुम्हाला काय सांगू!"

सीताबाईंनी तिच्यापुढं ताट सरकवलं, वरणावर तूप वाढलं.

"घरात माय काय तू एकटीच आहेस?"