परसातली माती

"काका, या जागेवर आधी काय होतं?" माती तपासणाऱ्या बाईंनी विचारलं.

त्या परसात वाफ्याच्या कडेला उकिडव्या बसल्या होत्या. हातात अहवालाचा कागद होता. खरं तर तो टपालानं यायचा. बाई स्वतः घेऊन आल्या, तेव्हाच म्हाताऱ्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती.

"माझं काम चालायचं इथं," तो म्हणाला. "बॅटरीचं दुकान पुढं रस्त्यावर, आणि जुन्या बॅटऱ्या फोडायच्या त्या इथं मागं. शिसं वितळवायचो. बावीस वर्षं."

"आणि आतलं अ‍ॅसिड?"

"इथंच ओतायचो. दुसरीकडे कुठं ओतणार?"

तीन वर्षांपूर्वी त्यानं वाफा करायला घेतला तेव्हा इथं गवतसुद्धा धड उगवत नव्हतं. लावलेली रोपं आठवड्यात माना टाकायची. माती आंबट झालीय, असं रोपवाटिकेतल्या माळ्यानं सांगितलं. मग त्यानं चुना मिसळला, पालापाचोळा कुजवला, शेणखत आणलं, ढेकळं हातानं फोडली. हा सगळा खटाटोप बबडीसाठी. बबडी त्याची एकुलती एक लेक. वय छत्तीस, समज चार वर्षांची. झाडांना पाणी घालताना मात्र ती शांत असायची. यंदा मातीत पहिल्यांदा गांडुळं दिसली. पालक तर असा फोफावला की बबडी रोज मूठभर उपटून आईला नेऊन द्यायची आणि टाळ्या पिटायची. म्हातारा हुरळून गेला होता. आता खतात आणखी काय घालू, एवढंच विचारायला त्यानं माती तपासायला दिली होती.

"माती तुम्ही छान सुधारलीत," बाई म्हणाल्या. "आंबटपणा गेला, कस आला. पण शिसं तसंच आहे, काका. ते कुजत नाही आणि उडूनही जात नाही. झाड हिरवंगार दिसेल, पण इथली भाजी आजपासून तोंडात घालू नका. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या. हा वरचा थर काढायला लागेल, नाहीतर सरळ फरशी घालून टाका." त्या उठल्या. "इथं लहान मुलं खेळतात का?"

"आता नाही."

"बरं आहे. मुलं मातीचे हात तोंडात घालतात. त्यांच्या मेंदूला हे फार लवकर बाधतं. फिट येतात, बोलायला लागलेलं मूल बोलायचं थांबतं..."

त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. दारात बबडी झारी घेऊन उभी होती. पाहुणीकडे बघून हसत होती. बाईंनी कागद त्याच्या हातात दिला. मग हळूच म्हणाल्या, "मी डॉक्टर नाही. इतक्या वर्षांनी छातीठोकपणे कुणीच काही सांगू शकणार नाही."

त्याला कुणी सांगायची गरजच नव्हती. दोन वर्षांची बबडी गाणी म्हणायची. इथंच, तो काम करायचा तिथं, बसून माती चिवडायची आणि खायची. बायको धावत यायची, पोरीच्या तोंडात बोट घालून माती काढायची. तो हसायचा. सगळीच पोरं माती खातात, म्हणायचा. तिसऱ्या वर्षी पोरीचं पोट दुखायला लागलं, मग फिट आली, मग एकेक शब्द गळत गेला. डॉक्टरांना कारण सापडलं नाही. त्याला सापडलं. बायकोच्या मामाला फिट यायची. "तुमच्या घराण्यातच खोट आहे," तो म्हणाला. एकदा म्हणून थांबला नाही. तेहतीस वर्षं म्हणाला. चारचौघांत म्हणाला, तिच्या भावाच्या तोंडावर म्हणाला, जेवता जेवता म्हणाला. तिनं सुरुवातीला रडून घेतलं. पुढं मान खाली घालून ऐकायची सवय लावून घेतली.

बाई गेल्या. त्यानं कागदाच्या चार घड्या करून तो शर्टाच्या खिशात घातला. बायकोला पालकावर कीड पडली म्हणून सांगायचं, फरशी घालायची, विषय संपला. तो वाकून भराभर रोपं उपटायला लागला. बबडीला तो खेळ वाटला. तीही बसली, दोन्ही हातांनी उपटायला लागली आणि मधेच नाक खाजवून तिनं बोटं ओठांशी नेली.

त्यानं झडप घालून तिचे हात धरले. नळाखाली नेऊन साबणानं घासले. नखांतली माती काडीनं काढली. बबडी घाबरून "आई, आई" करायला लागली.

तो तसाच ओल्या हातांनी स्वयंपाकघरात गेला. बायको पालक निवडत बसली होती. त्यानं ताट बाजूला ओढलं, कागद उलगडून तिच्यापुढं ठेवला आणि बाई जे जे बोलल्या ते सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

"खोट तुझ्या घराण्यात नव्हती," तो म्हणाला. "पोरगी अजाण होती, तिनं परसातली माती खाल्ली. मी मात्र तुला बोल लावून जन्मभर माती खाल्ली."

तिनं कागद दोनदा वाचला. ती ओरडेल, कागद तोंडावर फेकेल, भावाकडे निघून जाईल. तो सगळ्याला तयार होता. पण तिनं बोटांना चिकटलेले देठ शांतपणे काढले आणि त्याच्याकडे पाहिलं.

"बबडी पाच वर्षांची असताना मी आठ दिवस माहेरी गेले होते. आठवतं?"

"हो. तुझी आई आजारी होती."

"आई ठणठणीत होती," ती म्हणाली. "मला तिसरा महिना होता. आमच्या घराण्यातली खोट पुन्हा तुमच्या पदरात नको, म्हणून पाडून आले."