बिस्किटांची पुडी

माझा लेक दहा वर्षं परक्याची टॅक्सी चालवतोय. स्वतःची घ्यावी म्हणून आम्ही कर्ज मागायला बँकेत गेलो. बँकेतली बाई संगणकात बघून म्हणाली, “फ्रिजचा शेवटचा हप्ता राहिलाय, पत बिघडलीय. सहा नोटिसा पाठवल्या.” “एकही आली नाही, मॅडम,” लेक म्हणाला. “माझ्या पोटी खोटारडा जन्मत नाही!” मी फणकारले आणि सकाळपासून उपाशी लेकासमोर पिशवीतली बिस्किटांची पुडी ठेवली. पुडीच्या कागदावर हिरवा पक्षी होता. तोच बाईमागच्या भिंतीवर बँकेच्या नावाशेजारीही. टपालातला जाड कागद वाया कशाला घालवायचा, म्हणून मीच त्याच्या पुड्या बांधायचे. अक्षरांशी वाकडं, पण तोरा मोठा. लेकानं कागद उलगडला, वाचला, घडी करून खिशात ठेवला. “आल्या होत्या, मॅडम. मीच विसरलो,” म्हणत त्यानं पहिलं बिस्किट माझ्या हातावर ठेवलं. जगाला सुनावणाऱ्या तोंडात मी ते अख्खं कोंबलं.