ओला माउस

“बाई, नळ आला!” खिडकीजवळच्या संगणकामागून शिलाईकाकू ओरडल्या आणि सगळा वर्ग हसला.

दारात नळकाका उभे होते. नेहमीसारखे ओले हात पुढे धरून. मनगटावरून पाणी निथळत होतं. शर्ट मात्र आज इस्त्रीचा होता.

“अहो काका, आजसुद्धा?” बाई म्हणाल्या. “माउस बिघडेल अशानं. आणि आज छापखान्याचे मालक येणार आहेत. पुसा बघू आधी.”

काकांनी इस्त्रीच्या शर्टालाच हात पुसले आणि मान खाली घालून ते खुर्चीवर बसले.

मानसिक आजारातून सावरणाऱ्या मोठ्या माणसांचं ते केंद्र होतं. सकाळी यायचं, काहीतरी शिकायचं, संध्याकाळी घरी जायचं. निवृत्त झाल्यावर बाई तिथे संगणक शिकवू लागल्या. आयुष्यभर त्यांनी पहिलीचा वर्ग सांभाळला होता. मुलाचा हात आपल्या हातात घेऊन अक्षर गिरवून घ्यायचं, ही त्यांची हातोटी. इथेही त्यांनी तेच केलं. ज्याचं बोट माउसवर अडखळे, त्याच्या हातावर त्या आपला हात ठेवत आणि क्लिक करून घेत. हळूहळू सगळ्यांचे हात सुटले. नळकाकांचा तेवढा सुटला नाही. बाईंचा हात असला की फाइल उघडे, नाव-पत्ता टाइप होई. बाईंनी हात उचलला की काका पडद्याकडे नुसते बघत बसत.

“नाही जमत, बाई.”

“नाही तर नाही. चला, परत एकदा.”

बाई कधी चिडल्या नाहीत. काकांच्या तळव्याला घाम फार यायचा, तरीही नाही. काकांचं झालं की कमरेचा रुमाल काढायचा, आपला तळवा टिपायचा आणि पुढच्या खुर्चीकडे वळायचं. हात धुऊन येण्याचं खूळ काकांनी मध्येच कधीतरी सुरू केलं होतं. आजाराचाच भाग असेल, असं बाई धरून चालल्या होत्या.

मालक आले. त्यांना संगणकावर व्हिजिटिंग कार्डं जुळवायला एक माणूस हवा होता. रोज अर्धा दिवस काम. बाईंना ठाऊक होतं, काकांचा या कामावर डोळा आहे. ते भावाच्या घरी मागच्या खोलीत राहत. “काम मिळालं तर वहिनीला दुपारी माझ्यावर लक्ष ठेवत बसावं लागणार नाही,” असं ते एकदा म्हणाले होते.

नमुन्याचं कार्ड हातात घेऊन मालक एकेका खुर्चीमागे थांबत होते. काकांच्या मागे आले.

“आणि हे?”

बाईंनी आवाज खाली आणला, पण पुरेसा नाही. “त्यांचं राहू द्या. हात धरल्याशिवाय पान हलत नाही त्यांचं.”

मालक हसले. काकांचा हात माउसकडे निघाला होता, तो वाटेतूनच परत मांडीवर गेला. त्यांचे कान लाल झाले. शिलाईकाकू एरवी कशालाही हसायच्या. त्यासुद्धा हसल्या नाहीत.

“दोघी-तिघी बऱ्या वाटल्या. चहा घेतो आणि सांगतो,” म्हणत मालक कार्ड टेबलावर विसरून खाली ऑफिसात गेले.

वर्ग सुटला. जिना उतरताना बाईंना आपलंच वाक्य टोचू लागलं. पहिलीतल्या पोराबद्दल, त्याच्या देखत, त्या असं कधी बोलल्या असत्या? पोराचं काही उणं असलं तर त्या पालकांना बाहेर बोलावून, हलक्या आवाजात सांगत. पोराच्या कानावर पडू नये म्हणून दार लोटून घेत. इथे केस पिकलेला माणूस समोर बसला होता आणि दार लोटायचं त्यांना सुचलंही नव्हतं. माफी मागायची म्हणून त्या पुन्हा वर चढल्या.

वर्गात काका एकटेच होते. नमुन्याचं कार्ड पडद्याला टेकवून ठेवलं होतं. काकांचं बोट माउसवर दोनदा टकटक वाजलं. फाइल उघडली. दोन बोटांनी, सावकाश, त्यांनी नाव टाइप केलं. मग पत्ता. ओळी मधोमध आणल्या. सेव्ह केलं, बंद केलं आणि पुन्हा उघडून बघितलं.

“काका!”

चोरी पकडल्यासारखे काका उभे राहिले.

“तुम्हाला येतं हे?”

“हो.”

“कधीपासून?”

“शिलाईकाकूंना जमलं ना, त्याच्याही आधीपासून.”

“मग बोलला का नाहीत? मी मघाशी सगळ्यांसमोर तुम्हाला...”

“बोललो असतो तर तुम्ही हात धरायचं थांबवलं असतं,” काका म्हणाले. “घरी कुणी जवळ येत नाही, बाई. चहाचा कपसुद्धा दारातच ठेवून जातात.” त्यांनी पडद्याला टेकवलेलं कार्ड उचललं. “आज मात्र दाखवणार होतो.”

बाईंचा चेहरा तापला. मग त्या झटक्यात पुढे झाल्या.

“चला. मालक अजून खाली आहेत. मी सांगते त्यांना, चूक माझी होती.” त्यांनी काकांचा हात धरला.

काकांनी तो हिसडून सोडवला आणि पाठीमागे नेला.

“थांबा बाई. हात धुऊन येतो.”

“आत्ता कशाला? कोरडेच बरे आहेत की!”

काकांची नजर बाईंच्या कमरेच्या रुमालाकडे गेली.

“तुम्ही नंतर पुसता ना,” ते म्हणाले. “म्हणून.”