जोडीचं पोतं

शांतम्माक्कांनी मूठ उघडली. तळहातावर तीन काळे खडे होते.

"चौथ्या जोडीचं पोतं. दुकानदारानं माघारी धाडलंय," त्या म्हणाल्या. "कुणाच्या सुपातले हायत हे?"

निवडणीच्या खोलीत बायकांचं गाणं चाललं होतं, ते अर्ध्यात तुटलं. सुपातल्या डाळीला गं, लाडाची लेक म्हणू. मधी आला काळा खडा, त्याला जावई कसा म्हणू. एरवी या ओळीला हशा पिकायचा. आज सुपं मांडीवर निजल्यागत गप्प झाली.

लातूरची ही शांतम्माक्कांची डाळ मिल लहानशी. मशीन आपलं काम करायची, पण मशीनच्या नजरेतून सुटलेलं शेवटी बायकाच हातानं निवडायच्या. दोघींची जोडी, जोडीला एक पोतं. पोतं भरलं की आत चिठ्ठी, चिठ्ठीवर जोडीचा आकडा आणि तारीख. चौथ्या जोडीत म्हाताऱ्या केवळाबाई होत्या आणि तीन महिन्यांपूर्वी आलेली शिवानी होती.

केवळाबाईंकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. वीस वर्षं त्यांच्या सुपातून खडा गेला नव्हता. सगळ्यांचे डोळे शिवानीवर जाऊन थांबले.

"माझ्या सुपातले हायत," शिवानी म्हणाली.

दाराशी उभ्या असलेल्या लताच्या हातातला कागद खाली आला. मनाच्या आजारातून उठलेल्या माणसांना काम शोधून द्यायचं आणि काम अंगवळणी पडेपर्यंत सोबत करायची, ही लताची नोकरी. शिवानीला ठेवायचं की नाही, ते शांतम्माक्का आज त्या कागदावर लिहिणार होत्या.

शिवानी एकतीस वर्षांची. त्यातली सात वर्षं घरातल्या मागच्या खोलीत गेलेली. कानात माणसं बोलायची, जी कुणाला दिसायची नाहीत. इंजेक्शन सुरू झालं तशी ती माणसं दूर गेली, वेशीबाहेर गेल्यागत. कधीमधी हाक ऐकू यायची, इतकंच. पहिला महिना लता तिच्या शेजारी सूप घेऊन बसली. हाक आली की डाळीची मूठ धरायची आणि एकेक दाणा सोडायचा, हे तिनंच शिकवलं. पुढं लता आठवड्याला येऊ लागली. आता घरात सकाळी भावजय विचारायची, ताई, डब्याला काय देऊ. सात वर्षांत शिवानीला कुणी काही विचारलं नव्हतं. हे काम सुटलं तर ती विचारपूसही सुटणार होती, आणि मागची खोली अजून तिथंच होती.

केवळाबाईच पुढं झाल्या. लेकरू हाय, गोळ्यांनी झापड येती, एक डाव पदरात घ्या, असं म्हणत राहिल्या. शिवानी गुणाची हाय, मला उठूसुद्धा देत नाही, माझं सूपबी तीच पोत्यात ओतती, म्हणाल्या.

शांतम्माक्का वाईट नव्हत्या. त्यांनी शिवानीच्या डोक्यावरून हात फिरवला. पोरी, तुझा राग न्हाई, पण माल माझ्या नावानं जातो, असं हळूच म्हणाल्या आणि लताकडं कागद मागितला. लतानं कागद दिला. देताना माघारी आलेल्या पोत्यातल्या चिठ्ठीवर तिची नजर गेली.

तारीख मंगळवारची होती. गेला मंगळवार.

"अक्का, मंगळवारी शिवानी इथं नव्हतीच," लता म्हणाली. "इंजेक्शनचा दिवस होता. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ती माझ्यासोबत सरकारी दवाखान्यात होती."

शिवानीनं मान खाली घातली, चोरी सापडावी तशी.

शांतम्माक्का केवळाबाईंच्या पुढ्यात बसल्या. तळहात त्यांच्या डोळ्यांपुढं धरला.

"मावशी, किती खडे हायत?"

केवळाबाईंनी बोट पुढं केलं आणि तळहातावरून हलकेच फिरवलं, झोपलेल्या लेकराच्या गालावरून फिरवावं तसं.

"तीन," त्या म्हणाल्या.

बरोबर होतं. पण ते त्यांनी डोळ्यांनी मोजलं नव्हतं, हे खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं.

मग हळूहळू उलगडलं. दिवाळीपासून त्यांच्या डोळ्यांपुढं धुकं होतं. काम जाईल म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. शिवानीनं दुसऱ्याच आठवड्यात ओळखलं होतं. द्या मावशी, मी ओतते, म्हणून ती सूप घ्यायची आणि पोत्याशी पाठमोरी उभी राहून पुन्हा निवडायची. रोज, दोघींचं. केवळाबाईंनाही त्याचा पत्ता नव्हता. त्या तोंडाला पदर लावून बसल्या.

"उद्या माझ्यासंगं डोळ्याच्या डॉक्टरकडं चला," शांतम्माक्का उठत म्हणाल्या. "सूप कुठं पळून जात न्हाई." आणि लताच्या कागदावर त्यांनी उभ्या उभ्याच 'कायम' असं लिहून सही केली.

सुटीनंतर फाटकाशी लतानं शिवानीला गाठलं. तिची भीती अजून ओसरली नव्हती, त्यामुळं आवाज चढला. किती खटपटीनं उभं केलेलं हे काम, आणि एका खोट्या शब्दासरशी तू ते घालवायला निघालीस, असं ती म्हणाली. खरंच गेलं असतं तर काय केलं असतंस, म्हणाली.

शिवानी चपलेचा पट्टा लावत होती. तिनं वर पाहिलं. तिला प्रश्नाचंच नवल वाटलं.

"माझं गेलं असतं तर तुम्ही दुसरं बघितलं असतं, ताई. मावशीसाठी कुणी बघितलं असतं?"