पापडांची नाडी

समोर नवा टॉवर उठला आणि विजूताईंच्या गॅलरीतलं ऊन कायमचं गेलं. म्हणून त्यांनी यंदा उडदाचे पापड नवऱ्याच्या इन्फ्रारेड सॉनात, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीत, बसायच्या फळीवर वाळत घातले. दिगंबररावांनी महिनाभर चौकशी करून तो निवडला होता. बसणाऱ्याच्या अंगातलं पाणी तो सतत मोजायचा आणि कुणालाही जास्त वेळ बसू द्यायचा नाही.

दहा मिनिटांनी सॉना अदबीने म्हणाला, "अंगातलं पाणी कमी होतंय. बाहेर येऊन पाणी प्या."

"अजून ओले आहेत रे," विजूताई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"वजन चार किलोंवर आलंय. नाडी लागत नाही. घरच्यांना कळवतोय."

दिगंबरराव खाली कट्ट्यावर बसले होते, तिथे त्यांच्या फोनवर सॉनाचा निरोप आला. लिफ्ट बंद होती. ते अकरा मजले धावत चढले, "विजूऽ!" असा टाहो फोडत सॉनात घुसले आणि घामाने निथळत फळीवरच कोसळले.

"नाडी सापडली," सॉना आनंदाने म्हणाला. "अंगात पाणी भरपूर आहे. धोका टळला."

विजूताई लाटणं घेऊन दारात आल्या. नवऱ्याचे ओले डोळे पाहून त्यांना क्षणभर भरून आलं. मग त्यांची नजर फळीवर गेली.

"उठा आधी! वाळत आलेले पापड भिजवलेत की हो सगळे!"