गाडी गार होईपर्यंत

आठ दिवस लेकीकडे, वैष्णवीकडे, माणगावला राहून हैबतराव भुकूमला परत निघाले होते. ताम्हिणीचा घाट चढताना तिच्या ऑटोमॅटिक गाडीत लाल दिवा लागला. गिअरबॉक्स तापला होता. तिनं गाडी कडेला घेऊन पार्कमध्ये टाकली, पण इंजिन चालूच ठेवलं.

"बंद न्हाई करायचं व्हय?"

"नको आबा. चालू असलं की तेल फिरतं, लवकर गार होतं."

दोघं कठड्यावर बसून भाजलेली कणसं खात राहिले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच वैष्णवी तिच्याविषयी मोकळेपणानं बोलली, हसली, रडलीसुद्धा.

पाण्याची बाटली घ्यायला हैबतराव गाडीत वाकले. दिवा विझला होता.

"आबा, विझला का दिवा?"

ते येऊन तिच्याशेजारी टेकले.

"न्हाई गं पोरी. लई तापलीया गाडी. बस अजून."