वॉर्निशचा आणखी एक हात

"हा बघा, आला," ती म्हणाली.

कोमट पाण्याच्या बादलीत धरलेल्या लाकडी माशाच्या पोटाखालून एक बारीकसा बुडबुडा वर आला आणि फुटला. तिच्या नवऱ्याने, म्हणजे फिटरने, वाकून पाहिलं आणि मान हलवली. बुडबुडा आला म्हणजे वॉर्निशला कुठेतरी भोक आहे. भोक आहे म्हणजे तळ्यात पाणी आत शिरणार, लाकूड फुगणार, रंग तडकणार आणि मासा पोहायचं सोडून एका अंगावर कलंडणार. मग आमिष म्हणून गळाला लावलेल्या असल्या माशाला खरा मासा कशाला फसतोय? फिटरची अख्खी नोकरी पाइपांची गळती बंद करण्यात गेली होती. गळका मासा घेऊन तो तळ्यावर जाणं शक्यच नव्हतं. पुन्हा पॉलिशपेपरने घासणं, पुन्हा वॉर्निशचा हात, पुन्हा खिळ्याला टांगून वाळवणं आलं.

भोक तिनेच पाडलं होतं. शिवणाच्या सुईने, तो अंघोळीला गेल्यावर. गळाच्या कडीला अगदी लागून, कुणाच्या बापाला दिसणार नाही असं.

करणार काय बिचारी? गेल्या हंगामात तो होडीतून पाण्यात पडला होता. छातीत कळ आली आणि तोल गेला. काठावरून कुणीतरी पाहिलं म्हणून वाचला. घरी आणला तेव्हाचे त्याचे निळे ओठ अजून तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हते. आता डॉक्टर म्हणत होते, सगळं ठीक आहे, हवं ते करा. आणि हा बाबा तर खाटेवरून उठल्या उठल्या साऱ्या गल्लीला सांगून मोकळा झालेला, की नवा मासा कोरायला घेतलाय, तो तयार झाला की दुसऱ्या दिवशी मी पाण्यात. एकटा.

तिने आधी सरळ सांगून पाहिलं. तो म्हणाला, मग काय खुर्चीला बूड चिकटवून बसू? तिने अबोला धरून पाहिला. त्याने तेवढ्या शांततेत माशाचे खवले रंगवून घेतले. मग तिने सुई काढली.

वॉर्निशचे हात चढत गेले. फिटर कधी ब्रशला दोष द्यायचा, कधी धुळीला, कधी हवेला. शेजारचा पेंटर जाता-येता विचारायचा, काय, बाळंतपण अडलंय का? गल्ली हसायची. फिटरही हसायचा, पण हल्ली जरा उशिराने. एकदा तर मासा तळहातावर घेऊन नुसताच बसलेला तिला दिसला. याचा जीव वाचवता वाचवता आपण याचा जीव खातोय, असं तिला वाटलं. फिटरला स्वतःच्याच कामात खोट दिसावी, यापेक्षा मोठी शिक्षा ती कोणती? तिने सुई डब्यात टाकली. जायचंय ना, जा बाबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर दारात उभा होता. वल्ही होडीपर्यंत न्यायला आला होता, खरं म्हणजे गंमत बघायला. पाणी तिनेच कोमट केलं. आज बुडबुडा येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि मासा बुडवला.

बुडबुडे आले.

एक नाही, चांगले तीन. तेही एका ओळीत, सारख्या अंतरावर. तिने मासा उलटा केला. शेपटीजवळ टोच्याने पाडलेली तीन भोकं होती, लांबूनही दिसावीत अशी. लपवाछपवीची सवय नसलेल्या माणसाचं काम. तिने मान वर करून पाहिलं. फिटर बादलीकडे बघतच नव्हता. तो भिंतीकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. हाही घाबरलाय, तिला कळलं. किती दिवसांपासून कोण जाणे, आणि गल्लीपुढे बोलायची सोय नाही. तिला रडू आलं, हसूही आलं, आणि दोन्ही तिने गिळलं.

"अजून एक हात मारावा लागणार," पेंटरला ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला.

"एकाने काय होतंय?" ती म्हणाली. "चांगले चार मारा."